बापूंची गांधीलमाशी

बापू जाण्याच्या दोन दिवस आधी मी त्यांना भेटायला चिंचवडला गेलो होतो. त्यांच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत ते खाटेवर डोळे मिटून पडले होते. उशाशी त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, पायाशी त्यांचे मेहुणे आणि भिंतीला टेकून मी, असे आम्ही तिघे सुतकी चेहऱ्याने बसलो होतो. मग बापूंनी एक लांब श्वास सोडला आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, “झालं.” वहिनींनी हंबरडा फोडला, मेहुण्यांनी टोपी काढली, माझ्या हातातला चहा धोतरावर सांडला… आणि बापूंनी एक डोळा उघडून आम्हा तिघांना आळीपाळीने नीट पाहून घेतलं. “आत्ता कसे माणसांसारखे दिसलात,” म्हणाले आणि डोळा पुन्हा मिटला. वहिनी त्यांच्यावर अशा काही संतापल्या की दोन दिवसांनी बापू खरोखर गेले, तेव्हा त्यांना सुरुवातीला रडूच येईना. या खेपेला ते काही न बोलता गेले होते.

ज्यांनी बापूंकडून कधी फोटो काढून घेतला नाही, त्यांना हे ‘झालं’ समजायचं नाही. आमच्याकडे फोटो म्हणजे जन्मात एकदा-दोनदा घडणारी गोष्ट. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, शेजाऱ्याचं घड्याळ मनगटावर, आणि चेहरा फौजदारासमोर उभं केल्यासारखा. बापू तिकाटण्यावर कॅमेरा चढवत, काळ्या कापडात डोकं घालत, बाहेर काढत आणि “हलू नका” म्हणून सगळ्यांना श्वास रोखायला लावत. मग मोठ्याने म्हणत, “झालं!” त्यासरशी अख्खं कुटुंब सैल पडायचं. म्हातारी पाठ खाजवायची, बाप पोराचं नाक पुसायचा, नवी सून पदराआड हसायची. बापूंच्या हातातला कॅमेऱ्याचा रबरी फुगा नेमका तेव्हा दाबला जायचा आणि खरा फोटो तेव्हा निघायचा. ताथवड्याचा एक पैलवान छाती फुगवून उभा राहिला होता, त्याचं फोटोत पोट आलं. तो काठी घेऊन भांडायला आला, तर बापू शांतपणे म्हणाले, “छाती तुम्ही फोटोपुरती आणली होती. पोट तुमचं स्वतःचं आहे.” पुढे त्याच पैलवानाने मुलाच्या बारशाला बापूंनाच बोलावलं, पण सबंध वेळ तो पोट आत ओढून फिरत होता.

दुसरे फोटोवाले ब्रश लावून काळ्याला गोरा करत, टकलावर केस काढत. बापूंना त्याची शिसारी होती. त्यांच्या पाटीवर नावाखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असे, ‘आमच्या फोटोला ब्रश लागत नाही.’ त्या एका ओळीसाठी त्यांनी कितीतरी गिऱ्हाइकं घालवली असतील. स्टुडिओत एकच ब्रश होता आणि तो दाढीचा होता.

आता आमच्या घरची गोष्ट सांगायला हवी. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीला नवा कारखाना निघाला आणि मी वाकडची शेती सोडून तिथे कारकून म्हणून चिकटलो. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, त्या दिवसापासून माझ्याशी अबोला धरला. मीही कमी नव्हतो, मीही धरला. एका घरात राहून चौदा महिने आम्ही आईमार्फत बोललो. “आई, त्याला सांग, बैलाला पानी दाव.” “आई, त्याला सांग, माझी शिफ्ट आहे.” शेवटी आई रडकुंडीला आली. “मी मरायच्या आत दोगांना येका जागी बघू द्या, फोटूत तरी,” म्हणाली. म्हणून मी बापूंना वाकडला घेऊन आलो.

आईला मधे बसवून आम्ही तिच्या मागे उभे राहिलो, अंगाला अंग लागणार नाही अशा बेताने. बापूंनी सगळे सोपस्कार केले आणि म्हणाले, “झालं!” दादाने श्वास सोडला आणि समोरच्या गोठ्याकडे बघत पुटपुटला, “निघाला कंपनीच्या सायबाचा फोटू. आता शेन कोन काढील?” माझं डोकं फिरलं. माझा हात वर गेला. तेवढ्यात फुगा दाबल्याचा आवाज आला आणि मी भानावर आलो. तो आवाज आला नसता तर तो हात दादावर पडला असता का, हे मला आजही सांगता येत नाही. त्याची मला लाज वाटते.

फोटो पाहायला आई आम्हा दोघांनाही हट्टाने चिंचवडला घेऊन गेली. बापूंनी प्रत टेबलावर ठेवली. आई मधे छान बसली होती. तिच्या डोक्यामागे दादा गोठ्याकडे बघत होता आणि मी दातओठ खात त्याच्या पागोट्यावर हात उगारला होता.

दादाने प्रत उचलून डोळ्यांजवळ नेली. “आई, त्याला इचार, हात कशापायी उचलला व्हता?”

मी म्हणालो, “आई, दादाला सांग… पागोट्यावर गांधीलमाशी बसली होती.”

“फोटूवाले,” दादा बापूंना म्हणाला, “ह्यात गांधीलमाशी कुठं हाय?”

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. ती पदर तोंडात धरून उभी होती. “ही कच्ची प्रत आहे,” ते सावकाश म्हणाले. “बारीकसारीक पक्क्या प्रतीत उमटतं. गुरुवारी या.”

गुरुवारी पक्क्या प्रतीत पागोट्याच्या कडेला एक काळा ठिपका होता, त्याला पंख होते. दादाने बापूंचं भिंग मागून घेतलं आणि तो ठिपका चारी बाजूंनी न्याहाळला. मग भिंग खाली ठेवून तो वळला आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलला. “आरं सोपाना, मग तोंडानं सांगायचं न्हाई व्हय? चावली असती म्हंजी?”

आई रडायलाच लागली. मीही रडलो. बापू सवयीने “झालं!” म्हणून गेले आणि इकडेतिकडे बघायला लागले, पण कॅमेरा पेटीत बंद होता. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो हुकला म्हणून ते पुढे कित्येक दिवस हळहळत. त्या ठिपक्याबद्दल मात्र ते माझ्याशी कधी एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात मी स्टुडिओवरून गेलो, तर पाटीवर नुसतं नाव होतं. ब्रशाची ओळ पुसून टाकलेली होती.

बापूंच्या तेराव्याला मी आणि दादा बरोबरच गेलो होतो. वहिनींनी कागदात गुंडाळलेली एक काच माझ्या हातात दिली. आमच्या फोटोची मूळ काच, जिच्यावरून प्रती काढतात ती. “तुमच्यासाठी वेगळी ठेवली होती,” म्हणाल्या. “ह्याच फोटोपायी एक दुपार जेवायला उठले नाहीत. माझ्या केरसुणीची काडी घेऊन शाईत बुडवत बसले होते.” मी काच लपवणार, एवढ्यात दादाने ती घेतली आणि खिडकीकडे उजेडात धरली. पागोट्याची कड स्वच्छ होती.

“दादा…” मी म्हणालो.

“आरं, त्या फोटूत बी गांधीलमाशी न्हाईच,” दादा काच परत गुंडाळत म्हणाला. “त्यात हाय ती साधी माशी. गांधीलमाशीला कंबर असती. माझा जल्म शेतात गेला, मला काय वळखू येत न्हाई व्हय?”

“मग तेव्हाच बोलला का नाहीस?”

“काय बोलू? हात तू रागानंच उचलला व्हता. अन् म्या बी बोललो व्हतो तसंच. पर ह्या मानसानं आपल्यापायी खोटं चितारलं. म्हनलं, आता म्या माशीची कंबर मोजत बसू?”

तो फोटो वाकडच्या घरात धान्याच्या कणगीच्या वर टांगलेला आहे. दादा रोज सकाळी उपरण्याने त्याची काच पुसतो. परवा एक पाहुणे जेवायला आले होते. त्यांना वाटलं फोटोवर माशी बसली आहे, म्हणून हाकलायला त्यांनी हात उचलला. दादाने जेवता जेवता मान वर केली.

“ऱ्हाऊ द्या, पाव्हनं,” तो म्हणाला. “बसू द्या तिला. बापूंची हाय.”