विटेने मोजलेले घर

१२ जानेवारी २०२५, रविवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्या क्षणी मी फोनच्या पडद्याचे चित्र साठवून ठेवले आणि वेळ त्यावर उमटली. संशय आला की आधी पुरावा जपायचा, ही माझी सवय. फोन आईचा होता. कणकेचे हात कसेबसे पुसून तिने तो माझ्यापुढे धरला होता.

"हे घर खरं आहे का खोटं, तेवढं सांग," ती म्हणाली. "तुले समजते."

पडद्यावर, घरे भाड्याने देणाऱ्या एका संकेतस्थळावर, इटलीतल्या टेकडीवरच्या एका गावातले विटांचे घर होते. बांधकाम सतराव्या शतकातले, बैठकीची खोली चोवीस चौरस मीटरची, असा मालकिणीचा दावा. एका रात्रीचे भाडे मात्र इतके कमी, की तेवढ्यात रायपूरलाही बरे हॉटेल मिळाले नसते.

"खोटं आहे," मी म्हटले.

"अवं, पाहिलं कुठं तू अजून?"

"भाडं पाहिलं."

मी भिलाईतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मापनयंत्रे तपासते. वजनकाटे, दाबमापक, तापमापक असे काही ना काही रोज टेबलावर येते. प्रत्येक यंत्र खोटे बोलते असे गृहीत धरायचे आणि किती बोलते ते प्रमाणपत्रावर लिहायचे, एवढेच माझे काम. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर मी परदेशी विद्यापीठांत संशोधनासाठी अर्ज केले होते आणि या घरातून पहिले परदेशी पाऊल माझेच पडणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते; ते अजून पडले नव्हते. आईच्या प्रश्नाने मला जी किंचित चीड आली, तिच्यात हाही अंश असावा.

आई पोलाद कारखान्याच्या कार्यालयात लिपिक होती आणि मार्चअखेर निवृत्त व्हायची होती. बाबा आधीच निवृत्त झाले होते, त्यामुळे क्वार्टर आता तिच्या नावावर होते. ते सोडून रिसालीतल्या नव्या फ्लॅटमध्ये जायचे ठरले होते. आईचा जन्म दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमधला, कारण आजोबा नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीत आले होते. लग्नानंतर कारखान्याची क्वार्टरे, आधी एका खोलीचे, मग दोन, मग तीन. प्रत्येक दारावर रंगाने काढलेला नंबर. तिने एकही घर निवडले नव्हते. घरे तिला मिळत गेली होती.

निवृत्तीनंतर दोघांनी युरोप पाहून यायचे, हेही ठरले होते; बाबांचा आग्रह सहलीच्या कंपनीबरोबर जाण्याचा होता. "सात देश, सोबत सैपाकाले महाराज, सकाळी पोहे. टेन्शनच नाही."

"त्यात झोपाले हॉटेल," आई म्हणाली. "खोली नंबर चारशे बारा. म्हणजे पुन्हा नंबरच. मले एकदा नंबर नसलेल्या घरात राहून पाहाचं आहे. फ्लॅटमधी गेलो की संपलं."

मग ती माझ्याकडे वळली. "तू खोटं म्हणशील तर नाही म्हणजे नाही. मी पुन्हा विषय काढणार नाही."

आई असे म्हणते तेव्हा ती खरोखरच विषय काढत नाही. शिलाई मशीन, नागपूरची बदली, संगीताचा वर्ग यांविषयी ती एकेकदाच बोलली होती. निर्णय माझ्यावर होता, हे मला समजत होते. आमच्या ओळीतल्या एका काकांनी गोव्यात बंगला आरक्षित केला होता आणि त्या पत्त्यावर त्यांना टायरचे दुकान सापडले होते, हेही मला आठवत होते.

तपासणीची पद्धत घरचीच होती. बाबांची सगळी नोकरी भट्ट्यांच्या अस्तराच्या विटांत गेली. पेटलेल्या भट्टीत टेप घालता येत नाही. झरोक्याशी उभे राहायचे, काळ्या काचेतून आत पाहायचे आणि विटा मोजायच्या. किती विटा उरल्या, किती झिजल्या, त्यावरून आतले अंतर सांगायचे. विटेचे माप ठरलेले, तेवीस सेंटीमीटर लांब आणि साडेसात जाड. हाताला ही पद्धत इतकी बसली होती, की बाबा लग्नाचा हॉलसुद्धा विटेने मोजत. लहानपणी मला भिंत दाखवून ते विचारत, "सांग, किती?" चुकले तर म्हणत, "भट्टी फुटली!" आमच्या क्वार्टरच्या भिंतीही जवळपास त्याच मापाच्या विटांच्या होत्या. मला फूटपट्टी वाचता येण्याआधी वीट वाचता येत होती.

तेव्हा मी त्या इटालियन खोलीची छायाचित्रे संगणकावर मोठी केली. प्लास्टर नसलेल्या भिंती, समोरून काढलेली चित्रे. बाबा शेजारी येऊन बसले आणि आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे मोजले. लांब भिंतीत वीस विटा, आखूड भिंतीत तेरा आणि एक तृतीयांश. सांध्यासह वीट चोवीस सेंटीमीटर धरली, तर खोली साडेपंधरा चौरस मीटरसुद्धा भरत नव्हती.

"चोवीस लिवून ठेवलं बाईनं," बाबा म्हणाले. "सौ टक्का फ्रॉड."

जेवायला बसल्यावर मी निकाल सांगितला. आईने भाताचे पातेले माझ्याकडे सरकवले.

"बरं," ती म्हणाली. "मग नाही."

तिने कारण विचारले नाही. आकड्याने जिंकलेला वाद इतक्या निमूटपणे संपला की मला अस्वस्थ वाटते, निदान प्रतिपक्षाने आकडा तरी मागावा. आईने मागितला नाही, म्हणून मीच दुसरा पुरावा गोळा करायला बसले. त्याच चित्रात एक दार होते. त्याची उंची विटांच्या थरांनी मोजली, तर ती दोन मीटर त्रेचाळीस सेंटीमीटर आली. खोली दाव्यापेक्षा लहान आणि दार मात्र राजवाड्याचे! एकच स्पष्टीकरण मला सुचले. चित्र उभे ताणलेले आहे. म्हणजे नुसता खोटा दावा नव्हे, चित्रातही फेरफार. माझा संशय आता सिद्धतेच्या उंबरठ्यावर होता.

ताणलेले चित्र ओळखणे सोपे असते. त्यातली गोल वस्तू लंबगोल होते. दाराशेजारी भिंतीवर एक चिनी मातीची थाळी टांगलेली होती. मी तिच्यावर पडद्यावरच एक वर्तुळ बसवले.

थाळी तंतोतंत गोल होती.

मी वर्तुळ पुसून पुन्हा काढले. तरी गोलच. म्हणजे चित्र ताणलेले नव्हते. आडवे माप कमी येत होते आणि उभे जास्त. चित्र खरे असेल, तर हे एकाच परिस्थितीत घडू शकते. त्यांची वीट आमच्या विटेपेक्षा लांब आणि पातळ असली पाहिजे. यंत्राला दोष देण्याआधी मोजपट्टी तपासा, हे वाक्य आमच्या प्रयोगशाळेत नवीन माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवले जाते.

"वीट म्हणजे वीट," बाबा मान्य करेनात. "तेवीस, साडेअकरा, साडेसात. जगात कुठंही जा."

"बाबा, ते भट्टीच्या विटेचं माप आहे."

"मग? त्याहिच्या भट्ट्या नाहीत का?"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "अहो, सतराव्या शतकात तुमचं स्टँडर्ड तिकडं कोण घेऊन गेलं होतं? कुरियरनं पाठवलं होतं का?"

याने घर खरे ठरत नव्हते, फक्त माझा पुरावा बाद होत होता. मी गणित उलटे मांडले. खोली खरोखर चोवीस चौरस मीटरची असेल, तर त्यांची वीट सांध्यासह तीस सेंटीमीटर भरायला हवी. हे तपासता येण्यासारखे होते. मी संकेतस्थळावरून मालकिणीला विचारले, "आपल्या भिंतीतल्या एका विटेची लांबी कृपया कळवावी."

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. मजकूर यांत्रिक भाषांतरातून आलेला, पण सूर स्पष्ट होता. पाहुणे इंटरनेट विचारतात, गाडी कुठे लावायची ते विचारतात. वीट आजवर कोणी विचारली नाही. तुम्ही कोण आहात? करखात्याकडून आहात का? राहायलाच येणार असाल, तर आधी तुमच्या घराचे छायाचित्र पाठवा.

"बाई हुशार आहे," बाबा म्हणाले.

मी आई-बाबांना क्वार्टरच्या दाराशी उभे करून छायाचित्र काढले आणि पाठवले. पिवळसर भिंत, जाळीचा व्हरांडा, दारावर नंबर. त्यावरचे उत्तर वाचून मी खुर्चीतून उठलेच. मालकिणीने आमच्या गावाचे नाव घालून इंटरनेटवर शोध घेतला होता. तिला हेच घर सापडले होते, पण अनेकदा. तीच खिडकी, तीच जाळी, तोच व्हरांडा. प्रत्येक चित्रात माणसे मात्र वेगळी आणि नंबरही वेगळा. तिने विचारले होते, "एकच घर इतक्या कुटुंबांचे कसे? नंबर तुम्ही चित्रावर नंतर चिकटवता का?"

आई इतकी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"हसून काय राहिली? ती आपल्याले चोर म्हणून राहिली!" मी म्हटले.

"तू काय म्हणत होती तिले?" आईने विचारले.

माझ्यावर याआधी कोणी पद्धतशीर संशय घेतला नव्हता. तिची पद्धत माझ्यापेक्षा वाईट नव्हती. आमचे क्वार्टर हजारो क्वार्टरांसारखे आहे, हे भिलाईत कोणाला सांगावे लागत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र ते बनावट वाटणे तर्काला धरूनच होते. तिच्या जागी मी असते, तर उत्तरही दिले नसते.

आमच्या घरात असे काय आहे, जे ओळीतल्या दुसऱ्या कोणत्याही घरात नाही? आम्ही तिघांनी डोके खाजवले. मागची शेड सगळ्यांनी टाकलेली. पेरूचे झाड सगळ्यांकडे. भट्टीतली टाकाऊ वीट दाराला अडसर म्हणून लावलेली, तीही बहुतेकांकडे.

"मीच आहे नं," आई शेवटी म्हणाली. "फोन लाव तिले. व्हिडिओवाला."

त्या शनिवारी दुपारी पडद्यावर एक पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते, आईला इटालियन येत नव्हते. मी माझ्या फोनवर भाषांतराची सोय तयार ठेवली होती, पण दोघी थांबायलाच तयार नव्हत्या. आई क्वार्टरभर फिरली. "हे किचन. हा ओटा लहान आहे, पण चालून जाते. हे बाथरूम, नळ गळते, तिकडं पाहू नका." त्या बाईही त्यांचे घर दाखवत चालल्या होत्या. थाळी होती. दार होते. बाई दारापलीकडे गेल्या, तेव्हा दाराची वरची चौकट त्यांच्या डोक्यापासून फार उंच नव्हती. मी ते टिपले. दार राजवाड्याचे नव्हते.

मी मध्येच तोंड घालून भाडे इतके कमी का, ते विचारले. बाईंनी फोन खिडकीबाहेर धरला. गल्लीतल्या एकूण एक खिडक्यांची लाकडी दारे बंद होती. त्या काहीतरी म्हणाल्या. भाषांतर आले, "मुले शहरात गेली. घरे राहिली."

मग त्यांनी बाहेरून पुढचे दार दाखवले, आणि दारावर निळ्या रंगाची छोटी पाटी होती. त्यावर आकडा. सात.

"नंबर आहे!" मी ओरडले. संकेतस्थळावरच्या चित्रात दाराची ती बाजूच नव्हती. "आई, हे लपवलं होतं यांनी."

बाबा हळूच म्हणाले, "मग तर झालंच. नंबरवालं घर पाहाले इतक्या दूर कावून जाचं?"

आई त्या पाटीकडे बराच वेळ पाहत होती. तिचे उत्तर काय येईल, याचा मला अंदाज करता येईना.

"असू दे," ती म्हणाली. "हा नंबर कोणी आपल्याले अलॉट नाही केला. हा मी शोधला."

विटेची लांबी मात्र राहून गेली. बाईंनी टेप शोधला, दोन खण उपसले, शेवटी हात वर केले. निकाल मला त्या आकड्याशिवाय द्यायचा होता, आणि असा निकाल मी कधी दिलेला नव्हता.

"खोटं असण्यापेक्षा खरं असण्याची शक्यता जास्त आहे," मी म्हटले.

"म्हणजे जाऊ का नको?"

"जा."

संध्याकाळी तिने शिवणाचा टेप काढून पासपोर्टच्या पाकिटात ठेवला, तो मी पाहिला.

मार्चअखेर आई निवृत्त झाली, व्हिसा आला, आणि मे महिन्यात दोघे गेले. पैसे देताना, विमान सुटताना, पुढे आगगाडी बदलताना, प्रत्येक टप्प्यावर मला टायरचे दुकान दिसत होते. त्यांनी पोचल्यावर फोन केला, तेव्हा मागे थाळी टांगलेली होती. तरीही मी पहिला प्रश्न केला, "वीट मोजली?"

"अवं, चहा तर पिऊ दे!"

बाबांनी फोन धरला आणि आईने टेप भिंतीला लावला. "एकोणतीस," ती म्हणाली.

"टेप ढिला आहे. ताणून धर. दोन-तीन विटा मोज, आणि सांधाही."

"हिच्या नवऱ्याचं कसं होईन, देव जाणे," आई बाबांना म्हणाली, पण तिने पुन्हा मोजले. बहुतेक विटा अठ्ठावीस आल्या. सांधा दीड. म्हणजे साडेएकोणतीस. माझ्या तिसाच्या अपेक्षेपासून अर्धा सेंटीमीटर कमी.

"भिंतीतून इंच न इंच थंडावा येते," आई सांगत होती. "सकाळी खिडकी उघडली तर खाली ढग. मी बाईले म्हटलं, आमच्याकडं आता बेचाळीस असंन. तिले काही समजलं नाही, पण तिनं माह्या हातात चेरीचं ताट दिलं. ऐकून राहिली नं तू? बरोबर आलं का तुह्यं गणित?"

"आलं," मी म्हटले. "राहा आता निवांत."

फोन ठेवल्यावर मी संगणकावरचा मोजमापांचा तक्ता उघडला. दाव्याच्या रकान्यात जानेवारीपासून चोवीस लिहिलेले होते. वीस विटा, तेरा आणि एक तृतीयांश विटा, प्रत्येकी साडेएकोणतीस. बाईंनी थोडे वाढवून सांगितले होते. हे आईला कळवायचे नाही असे ठरवले आणि शेजारच्या रकान्यात प्रत्यक्ष माप लिहिले: २३.२ चौरस मीटर.