मावशीचा झाला भाऊ

"सदा, ब्लाउज कधी देशील?" असं विचारलंत की सदा टेलर नसलेला पदर सावरतो आणि म्हणतो, "मावशीवर इस्वास ठेवा नि आठ दिसांनी या!" पालीच्या बाजारात त्याचं शिलाईचं दुकान आहे, पण तालुका त्याला ओळखतो शिमग्यातल्या नमन-खेळातली मावशी म्हणून. लुगडं नेसून, कमरेवर हात ठेवून तो उभा राहिला, की तोंड उघडायच्या आधीच लोक हसून लोळतात. गावात वर्षभर जे घडतं, त्याची टिंगल मावशी करते. नियम एकच: "ज्याच्यावर हसायचा, त्याला पयला हसू आला पायजे."

आमचं रत्नागिरीत एक जुनं बंधुमंडळ आहे. डॉक्टर, वकील, बागायतदार असे आम्ही एकमेकांना 'भाऊ' म्हणतो आणि आतलं बाहेर सांगत नाही. आमच्या नेत्रशिबिरात सदा भेदरलेल्या म्हाताऱ्यांना हसवत बसायचा. एकदा मला म्हणाला, "डाक्टर, मना घ्याल काय तुमच्यात? सगळी मावशी म्हनतात. येकदा कोनीतरी भाऊ म्हना." मी लगेच त्याचं नाव सुचवलं.

मंडळातले नाना वकील उसळले. "लोकांची बिंगं फोडणारा सोंगाड्या इथे?" मतदानाच्या पेटीत एक जरी काळी गोटी पडली तरी माणूस बाद, हा आमचा कायदा. नानांची धास्ती मला ठाऊक होती. त्यांचा मुलगा ऐन लग्नाच्या दिवशी पळून गेला होता. त्या वर्षी नाना नमनाला फिरकलेच नाहीत. मी होतो. मागून पोरं ओरडत होती, "मावशे, वकिलाचा सांग!" सदानं स्वतःचंच मोडलेलं लग्न असं काही रंगवलं की पोरं वकिलाला विसरली.

मुलाखतीत नानांनी उलटतपासणीच घेतली. "तुमच्या पोटात काही राहतं का? कुणाचं गुपित राखल्याचा एक तरी दाखला द्या."

मी मनात म्हटलं, अरे, बोल ना बाबा! एका वाक्यात काम झालं असतं. सदानं हात जोडले. "वकीलसायब, दाखला दिला तर ता गुपित कसला?"

त्या वर्षीच्या नमनात आपली टिंगल झाल्याचं कधीच कानावर आलं नाही, हे नानांना आठवलं असावं. मग त्यांनी मान खाली घातली.

पेटी उघडली. सगळ्या पांढऱ्या! खरं सांगतो, माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालालाही माझी छाती एवढी फुगली नव्हती.

नव्या भावाच्या कमरेला पांढरं वस्त्र बांधायची आमच्यात रीत आहे. ते बांधायला नाना स्वतः उठले. सदा कुजबुजला, "घट बांदा सायब, मावशीला सुटायची खोड हाय."

नानांनी गाठ मारली. "साहेब नाही, भाऊ म्हण," ते म्हणाले. "आणि भाऊ, त्या वर्षी तू माझी लाज राखलीस."

सदानं नसलेला पदर डोळ्यांना लावला.