स्क्रू घट्टच होता

सरजेराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात त्याचीच गोष्ट सांगत होतो. तीच, ओव्हरलॉक मशीनच्या तेलाची. गिऱ्हाईक पोट धरून हसत होतं. मी फोन कानाला लावून ‘थांबा, खरी मजा पुढंच आहे’ असं हातानं खुणावत होतो, आणि पलीकडून त्याच्या बायकोचा, सुमनवैनींचा आवाज आला, “भावजी, ह्यांचं संपलं वं…” त्याला आता दीड महिना होत आला. गोष्ट तिथं तुटली ती तुटलीच. खरं तर ती सांगून सांगून मी आधीच थकलो होतो.

मलकापुरात आम्हा दोघांचं शिलाईचं दुकान. सरजेराव वडूजकडचा, सतरा वर्षं फौजेत टेलर. मी कुठंच काही नव्हतो, फक्त बोलायला बरा. शाळेच्या गणवेशांचं पहिलं मोठं काम मिळालं, तेव्हा कापडाच्या सुटणाऱ्या कडा बांधायला ओव्हरलॉक लागणारच होतं. नवं झेपणारं नव्हतं, म्हणून जुनं बघायला सांगलीला गेलो. मी पहिल्याच चकचकीत मशीनवर हात ठेवून “हेच!” म्हणालो. “रंग बघून बैल घेतोस व्हय रं?” म्हणत सरजेरावनं मला बाजूला सारलं आणि कोपऱ्यातलं रंग उडालेलं मशीन धरलं. त्यावर जाड कापड चालवलं, पातळ चालवलं, डोळे मिटून आवाज ऐकला. विकणारा कंटाळून चहाला निघून गेला. शेवटी मशीनच्या पोटाखालचा, तेल काढायचा स्क्रू त्यानं स्वतः आवळला आणि मला बजावलं, “आत तेल हाय. उभंच न्यायचं. आडवं केलंस तर सांडंल.”

परतताना टेंपोत तो पुढं ड्रायव्हरशेजारी, मी मागं. सोबत मशीन आणि सांगलीतच घेतलेले गणवेशाच्या पांढऱ्या कापडाचे तागे. माझे पाय आखडले. मशीन ताग्यांवर आडवं टाकलं, जागा केली आणि झकास झोपलो… मलकापूर आलं तेव्हा तेल ताग्यांत मुरलं होतं. मी गुपचूप मशीन उभं केलं. सरजेराव मागं आला, कापड पाहिलं, पोटाखाली हात घालून जोरानं स्क्रू आवळला. तो किंचित फिरला. कुठलाही स्क्रू जोर लावला की किंचित फिरतोच. पण त्याचा चेहरा उतरला. “मीच ढिला ठिवला गड्या.” आता तरी मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही. म्हणालो, “असू दे, होतं असं कधीतरी.” म्हणजे वर मोठ्या मनानं त्याला माफसुद्धा केलं!

हेडमास्तरांपुढं तोच मान खाली घालून उभा राहिला. “चूक माझी हाय सर. आठ दिवस द्या.” फौजेत त्याच्या कामाला कुणी कधी बोट दाखवलं नव्हतं. मी मागं भिंतीवरचा नकाशा वाचत होतो. पुढं त्याचीच मी गोष्ट केली, ‘फौजीचा ढिला स्क्रू’. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली, दरवेळी थोडं तेल वाढवून. तोही खाली मान घालून सुईत दोरा ओवता ओवता हसायचा. पण रोज सकाळी आधी तो स्क्रू चाचपायचा, मग ब्रशनं आतला कापडाचा भुसा काढायचा, काचेतून तेल बघायचा, आणि मगच बटण दाबायचा. मला हात लावू द्यायचा नाही. मी म्हणायचो, फौजी लय कडक.

दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा आवाज खोल गेला होता. “सकाळचा स्क्रू बघतोस न्हवं?” “बघतो की.” बघत नव्हतो. सांगायचं ते ओठांवर आलं होतं. तेवढ्यात नर्स आली वगैरे काही नाही. मीच संत्रं सोलत बसलो.

तेराव्यानंतर वैनींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. “मला कशाला सांगताय भावजी? मी कुठं त्यास्नी हसले हुते? जे हसले त्यास्नी सांगा.”

मग दुकानात सांगायला लागलो. मशीन मी आडवं केलं, तेल मी सांडलं. पहिलंच गिऱ्हाईक गहिवरलं. “मेलेल्या दोस्ताची चूक सवताच्या अंगावर घेतोय बघा! मैत्री असावी तर अशी.” मी शपथ घेतली, तर त्यानं पाठ थोपटली. जितकं नाकारावं तितका मी थोर होत चाललोय. आयुष्यभर तिखटमीठ लावून बोललो, आता अळणी खरं कुणाला गोड लागेना. म्हणून इथं लिहितोय. छापलेलं तरी लोक मानतात म्हणे.

दुकान बंद करताना सरजेराव मशीनच्या पोटाखाली एक पांढरी चिंधी अंथरायचा. रात्रीत थेंब गळला तर कळावा म्हणून. त्यानं अंथरलेली शेवटची चिंधी मी अजून काढलेली नाही. रोज वाकून बघतो… तिच्यावर एक डाग नाही.