गफूरचाचा आणि अँबॅसिडरची रबरं

हाताला लागलेलं ग्रीस रॉकेलनं निघतं. किश्श्यांचं तसं नाही, ते साचतच जातात! माजलगावला गफूरचाचांच्या गॅरेजात मी पंधरा वर्षं मिस्तरी आहे. आसपासच्या जुन्या अँबॅसिडर आमच्याकडेच येतात आणि बहुतेकींचं दुखणं एकच: पुढच्या चाकांच्या सांध्यातली रबरं. ती फाटली की आतलं ग्रीस बाहेर, रस्त्यावरची धूळ आत आणि गाडी लागते कुरकुरायला.

*

एक डॉक्टर होते. कुरकुर थांबावी म्हणून दर रविवारी रबरांना खोबरेल तेल चोळायचे! रबरं फुगून पाव झालेली.

"हे औषध कुणी सांगितलं?" चाचांनी विचारलं.

"शेजाऱ्यानं."

"आसं हाय? मंग ताप आला की आमी बी शेजाऱ्यालाच इचारतो!"

*

एका रिटायर गुरुजींना नवी रबरं कुठं मिळेनात. त्यांनी घरीच कापून बसवली. चाचांनी डावं चाक खोललं तर आत निळं रबर, त्यावर पायाच्या अंगठ्याचा झिजलेला ठसा.

"गुरुजी, ही तर स्लीपर! दुसरी कुठाय?"

"उजव्या चाकाला!"

*

पुण्याहून एक साहेब आले. हौशी. "सगळं ओरिजनल पाहिजे," हे त्यांनी तासाभरात दहादा सांगितलं.

संध्याकाळी चाचांनी त्यांच्या हातात एक पिशवी दिली. आत तडकलेली जुनी रबरं.

"हे तुमचं ओरिजनल. गाडीला मी चालणारं लावलंय."

*

एक वहिनी म्हणाल्या, "आवाज फक्त आमचे हे बसल्यावरच येतो!"

चाचांनी त्यांच्या जाडजूड यजमानांना बसवलं, उतरवलं, पुन्हा बसवलं. मग म्हणाले, "वहिनी, रबर मी बदलतो. बाकीचं तुमी बघा!"

*

हा एक मात्र मी सहसा सांगत नाही.

भानुदासराव आमचं जुनं गिऱ्हाईक. बायको, सून आणि दोन नातवंडांना घेऊन लिंबागणेशला दर्शनाला निघालेले. डावीकडची रबरं चाचांनी बदलली, उजवीकडची मी. गाडी गेली. मी ट्रे पुसायला घेतला तर त्यात एक स्प्लिट पिन! सांध्याचा नट सुटू नये म्हणून घालतात ती. नट सुटला तर चालत्या गाडीचं चाक आडवं होतं.

मी पिन चाचांपुढं धरली.

"मोटारसायकल काढ," चाचा म्हणाले.

मागं बसून ते फोन लावत होते. भानुदासराव उचलेनात.

वडवणीला हॉटेलसमोर गाडी दिसली. मंडळी आत चहा पीत होती. मी सरळ गाडीखाली शिरलो. नट दोन आटे सैल झालेला. आवळला, पिन घातली, टोकं वाकवली.

तेवढ्यात भानुदासराव बाहेर आले. "चाचा? तुमी हितं कावून?"

"काय न्हाई. उजवीकडची पिन माझ्याकडून राह्यलती."



दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःची अँबॅसिडर आणून माझ्यापुढं उभी केली. "हिची रबरं बदल. दोनी बाजूची."

बदलली. पिना चार वेळा तपासल्या.

"चाचा, एकदा खालून बघता का?"

त्यांनी चाचींना पुढं बसवलं, दोन्ही नातींना मागं.

"न्हाई," म्हणाले, आणि गाडी बीडच्या रस्त्याला घेतली.