कर्ण्याचा लाल रंग

धारवाडच्या आमच्या शाळेतले ड्रॉइंगमास्तर गोविंदअण्णा मुलांना लाल रंगाला हात लावू देत नसत. कुणाचा ब्रश लाल वडीकडे वळला की गर्जना होई, "खाली ठेव! आधी बघायला शीक, मग लाल!" शेजारच्या वर्गात मी संस्कृत शिकवीत असे. मी मूळचा हळू बोलणारा. त्या आवाजापुढे माझा 'रामः' कुणालाच ऐकू जात नसे.

सुट्टी लागली की अण्णा कलघटगीपलीकडच्या रानात कर्णा पक्षी बघायला जात. नराचे डोके नि गळा काळा, खाली पांढरी पट्टी आणि तिथून पोटभर लाल. एवढे सांगून ते स्वतःवरच चिडत. "तसला लाल माझ्या पेटीत नाही की हो! गप बसून बघायचं, झालं."

हे त्यांनी एकदा हेडमास्तरांपुढे सांगितले आणि घात झाला. हेडमास्तरांना बंदुकीचा शौक. पुढच्याच सुट्टीत त्यांनी एक नर मारून आणला आणि पेंढा भरून काचेच्या पेटीत ठेवला. मोठा पराक्रम! पण दोन पावसाळ्यांत तो लाल उडाला आणि पोट जुन्या धडप्यासारखे विटके दिसू लागले.

तेवढ्यात डेप्युटीसाहेबांची तपासणी आली. हेडमास्तर म्हणाले, "अण्णा, पोटाला जरा रंग लावा."

"जिवंत होता तेव्हा गोळी घातलीत, आता शोभा पाहिजे होय? सुम्निर्री!" अण्णांनी वरिष्ठाला चक्क कानडीत गप्प बसवले.

पेन्शनीला थोडकीच वर्षे उरली होती. "जमवून घ्या," म्हणून मी विनवले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मीच ओशाळलो.

अखेर हुबळीच्या एका पाट्या रंगवणाऱ्याने ऑइलपेंट फासला. डेप्युटीसाहेब पेटीपुढे थांबले. "वा, काय रंग आहे!" अण्णा टर्पेंटाइनचे फडके घेऊन पुढे झाले, पेटी उघडली आणि पोट पुसून काढले. लाल फडक्यावर आला, पिसे फरशीवर पडली.

"हा पाटीचा रंग, साहेब. पक्षी रानात असतोय."

संध्याकाळच्या आत नोकरी गेली, पेन्शन बुडाली. हेडमास्तरांचा खुनशीपणा, दुसरे काय! पत्नी राधाक्कांना घेऊन अण्णा कलघटगीला गेले आणि शिकवण्यांवर जगले.

ते वारल्यावर मी भेटायला गेलो. भिंतीवर त्यांनी काढलेला कर्णा होता. फांदी, चोच, डोळा, सगळे हुबेहूब. पोटाच्या जागी मात्र कोरा कागद.

"रोज रंग कालवायचे," राधाक्का म्हणाल्या, "आणि रोज ओतून द्यायचे."

इतक्यात हेडमास्तर आले. दोन शब्द सांत्वनाचे बोलले आणि चित्र खुंटीवरून काढून निरखू लागले. "छान आहे हो. पोट तेवढं राहिलंय. शाळेत लावू या. त्या हुबळीवाल्याकडून भरून घेतो."

राधाक्कांनी माझ्याकडे पाहिले.

मी असा ओरडलो की रस्त्यावरची माणसे दारात आली.

"खाली ठेवा ते!"