उघड्या चोचीचा फोटो

मी दातांचा डॉक्टर. मॅक्रो लेन्स घेतली ती दाढांचे फोटो काढायला. किडीचा काळा ठिपका पेशंटला पडद्यावर मोठा करून दाखवला की पुढचं फार समजावत बसावं लागत नाही. रविवारी तीच लेन्स घेऊन मी कळंब्याच्या तलावावर जायचो. बायकोच्या मते मला सुट्टीच्या दिवशीही कुणाच्या तरी तोंडात डोकावल्याशिवाय करमत नाही.

त्या एप्रिलमध्ये पाणी बरंच आटलं होतं. उघड्या पडलेल्या काठावर एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती, म्हणजे पिल्लू जवळपासच असणार. सापडलं ते खड्यांमध्ये, खड्यांच्याच रंगाचं, जमिनीला चिकटून बसलेलं. मी पोटावर झोपलो आणि सरकत सरकत लेन्स त्याच्यापासून वीतभर अंतरावर नेली. ते हललं नाही. मॅक्रोला असंच गिऱ्हाईक लागतं. किती शहाणं पिल्लू, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

पलीकडे एक बाई म्हशी राखत होत्या. त्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं की ऊन फार आहे, मी तिथं आहे तोवर टिटवी पिल्लावर सावली धरायला येणार नाही. मी हात वर करून पाच मिनिटं असं खुणावलं. पिल्लानं चोच उघडली होती, उजेड थेट आत पडत होता, जिभेचं टोकसुद्धा स्पष्ट दिसत होतं. असा फोटो पुन्हा मिळाला नसता. पाचाची वीस मिनिटं झाली.

शेवटी त्या बाई स्वतःच चालत आल्या.

"पावणं, शांत न्हाय बसल्यालं," त्या म्हणाल्या. "भ्यालंय त्ये."

मी उठून लांब गेलो. टिटवी लगेच उतरली आणि पंख अर्धे पसरून पिल्लावर उभी राहिली. बऱ्याच वेळानं ती बाजूला झाली, तरी पिल्लू उठलं नाही. बाईंनी जाऊन हात लावून पाहिलं. मेलं होतं. मला वाईट वाटलं, त्याहून जास्त लाज वाटली. भ्यालेला माणूस खुर्चीत कसा गप्प बसतो, हे मी रोज बघतो.

तरीही तो फोटो मी मोठा करून दवाखान्यात, खुर्चीच्या समोर लावला. फोटो चांगला आला होता, दुसरं कारण नाही. पिल्लू गातंय, असं बहुतेक पेशंट म्हणतात. मी खुर्ची मागे झुकवतो.

गेल्या महिन्यात नेसरीचे एक म्हातारे शेतकरी दाढ काढायला आले. इंजेक्शन लागू होईपर्यंत ते फोटोकडेच बघत राहिले.

"ऊन लागलंय की त्येला," ते जड जिभेनं म्हणाले. "जगलं न्हवं पुढं?"

जगलं, असं मी म्हणालो आणि त्यांना आ करायला सांगितलं.