उन्हाळ्याआधी येणारे भाऊ

आमच्या एसीची देखभाल करणारे भाऊ सटाण्याकडचे. दरवर्षी होळीच्या आधी, न बोलावता हजर. चहा नंतर; आधी एसी लावायचा आणि डोळे मिटून त्याचा आवाज ऐकत उभं राहायचं. "बंद पडल्यावर सगळेच बोलावतात, ताई. चालू हाय तवाच बघायचं असतं."

यंदा मीच घाई केली. "चांगला गार करतोय. नुसती जाळी धुवा."

त्यांनी जाळी धुऊन बसवली, एसी पुन्हा लावला आणि मग सवयीनं प्लगला हात लावून पाहिला. लगेच बटण बंद केलं. सॉकेटमधली वायर वितळायला आली होती. त्याच खोलीत माझे वडील अंथरुणाला खिळलेले.

"नवं सॉकेट आणा. मी हाय बाबांजवळ."

दुकानातून परतले तर भाऊ वडिलांच्या उशाशी बसून वर्तमानपत्रानं वारा घालत होते. खिशातला फोन थरथरत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी सॉकेट पुढे केलं.

"जरा थांबा," ते हळूच म्हणाले, "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. उठले की ठोकाठोक करू."